अप्पा बळवंत चौकातून मुलांसाठी कादंबऱ्या : सहा हजार रुपयांच्या खरेदीचा अनुभव

सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी पाचवी ते नववीतली वीस-बावीस मुले वाचायला जमतात. हा वाचनकट्टा मी आणि दोघी शेजारणी मिळून तीन वर्षे चालवत आहोत. यंदा सोसायटीने केवळ कादंबऱ्यांसाठी सहा हजार रुपये दिले आणि काय घ्यायचे हे मुलांनाच विचारले, तेव्हा दोनच मागण्या आल्या : ऐतिहासिक कादंबऱ्या हव्यात आणि विज्ञान कादंबऱ्या हव्यात. ही खरेदी आम्ही अप्पा बळवंत चौकात, म्हणजे पुण्याच्या पुस्तकांच्या बाजारात, दोन फेऱ्यांत केली. पहिली फेरी जवळजवळ वाया गेली आणि दुसरी मनासारखी झाली. मुलांसाठी कादंबऱ्या घ्यायला पुण्यात हा चौक कसा आहे, तिथे काय मिळते, काय मिळत नाही आणि पुस्तक हातात घेतल्यावर काय पाहावे, हे त्या दोन फेऱ्यांच्या आधारे लिहीत आहे.

पहिल्या फेरीत चूक आमची होती, तशी दुकानाचीही होती. जूनचा दुसरा आठवडा होता. पाठ्यपुस्तके, वह्या आणि वेष्टने घेणाऱ्या पालकांची रीघ लागलेली होती आणि काउंटरपर्यंत पोहोचायलाच अर्धा तास गेला. ‘किशोर कादंबऱ्या’ अशी चिठ्ठी लावलेला, प्लास्टिकमध्ये बंद केलेला वीस पुस्तकांचा संच दुकानदाराने पुढे केला, ‘ताई, शाळा हाच नेतात’ असे सांगितले आणि आम्ही चोवीसशे रुपये मोजून तो घरी आणला. प्लास्टिक फाडल्यावर दिसले की वीसपैकी अकरा पुस्तके कादंबऱ्या नव्हतीच; ती थोर पुरुषांची चाळीस-पन्नास पानी चरित्रे होती. दोन पुस्तकांची मुखपृष्ठे वेगळी होती, पण आतला मजकूर शब्दशः एकच होता. विज्ञान कादंबरी म्हणून घातलेले एक पुस्तक ग्रहांची माहिती देणारे होते. वेष्टन फोडलेला संच परत घेता येणार नाही असे उत्तर मिळाले, आणि नियम म्हणून ते मान्यही करावे लागले. मात्र चरित्राला कादंबरी म्हणून विकणे ही साधी नजरचूक नाही. चरित्रात घटना क्रमाने सांगितलेल्या असतात. कादंबरीत पुढे काय होणार हे पात्राला ठाऊक नसते आणि म्हणून वाचणाऱ्या मुलालाही ते ठाऊक नसल्यासारखे वाटते. कादंबरी मागणाऱ्या मुलाच्या हाती चरित्र दिले, तर दहाव्या पानावर ते पुस्तक मिटते आणि पुढच्या वेळी ‘ऐतिहासिक’ हा शब्द ऐकूनच मूल मागे सरते. आमच्याकडे तिघांच्या बाबतीत नेमके हेच झाले.

दुसरी फेरी श्रावणातल्या एका शनिवारी, दुकाने उघडता उघडता केली आणि या वेळी सातवीतल्या ईराला आणि नववीतल्या सोहमला बरोबर नेले. गर्दी नसताना हा चौक निराळाच असतो. चार पावलांवर पुढचे दुकान, एकाकडे नसलेले पुस्तक दुसऱ्याकडे विचारता येते आणि मुख्य म्हणजे पुस्तक उघडून पाहू देतात. ज्या दुकानात आम्ही सर्वांत जास्त वेळ काढला, तिथल्या साठीच्या आसपासच्या विक्रेत्या काकांनी मुलांना दोन स्टुले दिली, फळीवरून पंधरा-सोळा पुस्तके काढून समोर ठेवली आणि म्हणाले, ‘पहिलं पान बघू नका, ते सगळेच जपून लिहितात. मधलं कुठलंही पान उघडा.’ त्या दिवसाची सगळी निवड या एका सूचनेवर झाली.

मुलांना मी चौकाच्या नावाचीही गोष्ट सांगितली, कारण ऐतिहासिक कादंबरी घ्यायला याहून योग्य जागा सापडणे कठीण. अप्पा बळवंत म्हणजे पेशवाईतले सरदार कृष्णाजी ऊर्फ अप्पा मेहेंदळे. त्यांचे वडील बळवंतराव मेहेंदळे पानिपतच्या मोहिमेत, मुख्य लढाईच्या महिनाभर आधी, डिसेंबर १७६० मध्ये कामी आले. चौकालगतच १८८८ साली स्थापन झालेला आनंदाश्रम आहे आणि मराठी ऐतिहासिक कादंबरीला वळण देणाऱ्या हरि नारायण आपटे यांनी त्या संस्थेचा कारभार पाहिला. ईराने लगेच त्यांची कादंबरी मागितली. ‘गड आला पण सिंह गेला’ आम्ही काढून पाहिली, तिने मधले एक पान वाचले आणि भाषा जड वाटते असे प्रामाणिकपणे सांगितले. तिचे खरे होते. शंभर वर्षांपूर्वीची ती वाक्यरचना सातवीतल्या मुलीला एकटीने पेलणारी नाही. मोठ्याने वाचून दाखवायची असेल तर अवश्य घ्यावी. एकट्याने वाचायची असेल तर नववी-दहावीपर्यंत थांबावे.

ऐतिहासिक कादंबरीचे मधले पान उघडल्यावर मी प्रथम त्यातले जेवण पाहते. हे किरकोळ वाटेल, पण लेखकाने काळाचा अभ्यास केला आहे की नाही, हे ताटावरून चटकन कळते. संचातल्या एका पुस्तकात १६७० सालचा मावळा भाकरीबरोबर बटाट्याची भाजी खात होता. बटाटा आपल्या घराघरांत रुजला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. त्याच पुस्तकात भर पावसात एक शिपाई धडाधड गोळ्या झाडत होता. त्या काळातली बंदूक तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीची. पेटता तोडा दारूला लावला तर बार उडणार, पावसात तो तोडा विझणार आणि एक बार उडाला की दुसरा भरायला वेळ लागणार. या अडचणीतच गोष्टीची खरी गंमत असते. बंदूक निकामी झाल्यावर तो शिपाई काय करतो, हे लिहायला लेखकाला संधी होती आणि ती अडचणच ठाऊक नसल्याने त्याने ती गमावली.

दुसरी कसोटी अंतराची. शिवाजी महाराज ५ मार्च १६६६ रोजी राजगडावरून निघाले आणि मे महिन्यात आग्र्याला पोहोचले. दोन महिन्यांहून अधिक काळचा तो प्रवास कादंबरीत दोन ओळींत संपत असेल, तर मुलांना आग्रा म्हणजे हडपसरच्या पलीकडचे गाव वाटू लागते. संभाजीराजे तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचे होते. आमच्या कट्ट्यावरची पाचवीतली मुले साधारण त्याच वयाची आहेत, म्हणून त्या प्रवासात या मुलाला काय दिसले, तो कंटाळला का, घाबरला का, असे लिहिणारी कादंबरी त्यांना लगेच जवळची वाटते. काकांनी दाखवलेल्या पुस्तकांपैकी एकात छावणीतल्या मोतद्दाराचा, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्याचा, मुलगा ही गोष्ट सांगतो. घोड्याच्या खुरात अडकलेला खडा काढतानाचे त्यातले एक पान ईराने उभ्यानेच वाचले, मग स्टुलावर बसून पुढची सहा पाने वाचली आणि पुस्तक काखेत मारूनच ती पुढच्या फळीकडे गेली. अशा वेळी निवड करणाऱ्या मोठ्या माणसाने गप्प राहावे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे पुस्तकाच्या शेवटी लेखकाचे टिपण आहे का. इतिहास कुठे संपतो आणि कल्पना कुठे सुरू होते, हे मुलांना सांगायलाच हवे. सिंहगडाचेच उदाहरण घ्या. तानाजी मालुसरे ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री लढताना पडले, हा इतिहास. घोरपडीला दोर बांधून कडा चढल्याची गोष्ट आपण सगळे ऐकत आलो, पण शिवचरित्र सांगणाऱ्या सभासदाच्या बखरीत ती घोरपड नाही. मावळे कड्यावरून वानरासारखे चढून गेले, असे तिथे आहे. किल्ल्याला सिंहगड हे नाव त्या लढाईच्या आधीच्या कागदपत्रांतही आढळते. कादंबरीकाराने घोरपड घ्यावी, त्याला तो अधिकार आहे. मात्र शेवटच्या पानावर दोन ओळी लिहून ते मान्य करावे. आमच्या मुलांना हे कळले तेव्हा कोणाचीही निराशा झाली नाही. उलट दर रविवारी सिंहगडाकडे बोट दाखवून कडा नेमका कुठला, यावर अर्धा तास वाद झडतो. आम्ही चाळलेल्या वीसएक ऐतिहासिक पुस्तकांपैकी असे टिपण फक्त चौघांत होते. प्रकाशकांनी याकडे खरोखर लक्ष द्यावे.

शत्रूपक्ष कसा रंगवला आहे, हेही मधल्या पानावरच समजते. समोरचा प्रत्येक माणूस मूर्ख आणि भित्रा असेल, तर त्याला हरवण्यात पराक्रम तो कसला? पुरंदरच्या १६६५ च्या वेढ्यात मुरारबाजी देशपांडे यांचे शौर्य पाहून दिलेरखानाने तोंडात बोट घातल्याचे बखरकाराने स्वतः लिहून ठेवले आहे. बखरीत जी उदारता आहे, ती आजच्या मुलांच्या कादंबरीत नसावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

या प्रकारात सहावी-सातवीच्या पुढच्या मुलांसाठी मी गो. नी. दांडेकर यांच्या शिवकालीन कादंबऱ्या निःशंकपणे सुचवीन. दांडेकर आयुष्यभर गडकिल्ले हिंडले, आणि त्यांच्या पानांवर गडाची वाट, टाक्यातले पाणी, दिंडीच्या दरवाजातली थंडी हे सगळे पायांनी अनुभवलेले येते. बोली थोडी अवघड आहे, पण ती संवादातून उलगडते. मोठ्यांसाठी लिहिलेल्या आठशे-नऊशे पानी ऐतिहासिक कादंबऱ्या मात्र या वयात देऊ नयेत. एका दुकानात आम्हाला आग्रहाने तशीच एक दाखवली गेली. सहावीतल्या मुलाने ती हातात धरली तरी त्यातले राजकारण आणि दाम्पत्यजीवन त्याच्यासाठी लिहिलेले नसते, आणि पुस्तक अर्धवट सोडल्याची खंत त्याला उगीच लागते.

विज्ञान कादंबऱ्यांच्या बाबतीत चौकाचा अनुभव तितका चांगला नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. पाहिलेल्या चारही दुकानांत त्यांना वेगळी फळी नाही. कुठे त्या प्रयोगांच्या पुस्तकांत मिसळलेल्या, तर कुठे भुताखेतांच्या गोष्टींशेजारी. काकांनासुद्धा त्या तीन ठिकाणांहून गोळा कराव्या लागल्या. जे हाती लागले त्यात भाषांतरे पुष्कळ, मूळ मराठीतल्या जुन्या कादंबऱ्या थोड्या आणि गेल्या पाच-सहा वर्षांत मराठीत मुलांसाठी लिहिलेल्या नव्या कादंबऱ्या जेमतेम तीन.

इथे कसोटी एकच आहे : लेखकाने स्वतः मांडलेला नियम स्वतः पाळला आहे का. विज्ञान कादंबरीत आज अशक्य असलेली गोष्ट शक्य मानायला हरकत नाही. ती मानल्याशिवाय गोष्टच सुरू होत नाही. पण एक गोष्ट बदलली तर तिच्यामुळे आणखी काय काय बदलेल, याचा विचार हवा, आणि जे बदललेले नाही ते निसर्गाच्या नियमांप्रमाणेच चालायला हवे. संचातल्या एका कादंबरीत मंगळावर राहणारी मुलगी पुण्यातल्या आईला ‘आई, जेवलीस का?’ असे विचारते आणि आई तत्क्षणी ‘हो गं, आत्ताच’ म्हणते. आमच्या रविवारच्या बैठकीत हे पान वाचले जात असताना आठवीतल्या एका मुलाने हात वर केला. मंगळ सूर्याच्या पलीकडच्या बाजूला असताना पृथ्वीपासून सुमारे चाळीस कोटी किलोमीटर दूर असतो, प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, म्हणजे प्रश्न पोहोचायला बावीस मिनिटे आणि उत्तर यायला आणखी बावीस मिनिटे लागतील, असा हिशेब त्याने फळ्यावर करून दाखवला. त्यावर ईरा म्हणाली, ‘काकू, मग आईचं उत्तर येईपर्यंत तिथे काहीतरी घडून गेलेलं असेल ना?’ त्या एका वाक्यात मूळ लेखकाच्या साऱ्या पुस्तकापेक्षा अधिक चांगली कादंबरी होती. चव्वेचाळीस मिनिटे आईच्या शब्दाची वाट पाहणारी मुलगी ही गोष्ट हाताशी असताना ती टाकून देणे मला फार खटकले.

जुने विज्ञान चुकीचे ठरले म्हणून पुस्तक टाकाऊ होत नाही, हेही आम्ही अनुभवले. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांना मराठी मुलांपर्यंत आणण्याचे मोठे काम भा. रा. भागवत यांनी केले. व्हर्न यांच्या १८६५ सालच्या कादंबरीत माणसे प्रचंड तोफेतून चंद्राकडे झेपावतात. तसे प्रत्यक्षात केले तर पहिल्याच धक्क्यात आतली माणसे चिरडली जातील. पण ती तोफ फ्लोरिडात उभी केलेली आहे, आणि १९६९ साली चंद्रावर माणसे नेणारे अपोलो ११ यान फ्लोरिडातूनच निघाले, हे सोहमला सांगितले तेव्हा लेखकाने ती जागा का निवडली असेल, हे शोधायला तो स्वतः नकाशा घेऊन बसला. चुकलेला भाग आणि जमलेला भाग दोन्ही मुलांसमोर ठेवता येतात. भागवतांची भाषा आजही इतकी खेळकर आणि वाहती आहे की पाचवीतल्या मुलालाही ती अडत नाही. भाषांतरित विज्ञान कादंबऱ्या घेताना मी तिचाच दाखला लावते. आजच्या बऱ्याच भाषांतरांत मराठी शब्द असतात, पण वाक्य मराठी नसते. एक परिच्छेद मोठ्याने वाचावा. जिथे जीभ अडखळते तिथे मूलही अडखळणार.

जयंत नारळीकर यांची पुस्तके चौकात सहज मिळतात, आणि मे २०२५ मध्ये त्यांचे पुण्यात निधन झाल्यापासून ती पुढच्या फळीवर मांडलेली दिसतात. ‘प्रेषित’ आणि ‘वामन परत न आला’ या दोन कादंबऱ्या आम्ही आठवी-नववीच्या मुलांसाठी घेतल्या. लहानांसाठी त्यांच्या कथा आधी द्याव्यात, कारण विज्ञानातली एक कल्पना घेऊन ती शेवटाला नेण्याची त्यांची रीत कथेत अधिक ठसठशीत दिसते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी आपली पहिली कथा नारायण विनायक जगताप या नावाने, पत्नीच्या हस्ताक्षरात पाठवली होती, ही हकिकत मुलांना फार आवडते. आद्याक्षरे उलटी केली की जे नाव येते ते त्यांनी क्षणात ओळखले. शिवाय नारायणगावजवळच्या खोडद परिसरातल्या महाकाय रेडिओ दुर्बिणी इथून दोन-अडीच तासांवर आहेत. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या परग्रहावरच्या हाकेसाठी कान टवकारून उभ्या आहेत, असे एखाद्या मराठी कादंबरीत यावे, ही माझी जुनी इच्छा आहे. पुण्याच्या मुलांना आपल्याच जिल्ह्यातून सुरू होणारी विज्ञान कादंबरी का मिळू नये?

पुस्तकांच्या निर्मितीविषयी थोडक्यात. नव्या कादंबऱ्यांचा टंक मोठा आणि कागद चांगला आहे, पण बांधणी डिंकाची असल्याने वीस हातांतून फिरल्यावर पाने सुटतात. आमची दोन पुस्तके महिन्याभरात शिवून घ्यावी लागली. ऐतिहासिक कादंबरीत नकाशा असावा, आणि असला तर तो वाचता येईल एवढा असावा. अंगठ्याएवढ्या नकाशात सह्याद्रीची केवळ सावली दिसते.

किमतीबाबत तक्रार नाही. दुसऱ्या फेरीत उरलेल्या छत्तीसशे रुपयांत, दहा टक्के सवलत धरून, एकोणीस पुस्तके आली आणि त्यातले प्रत्येक पुस्तक उघडून, वाचून घेतलेले होते. ऑनलाइन काही पुस्तके याहून स्वस्त मिळतात, पण तिथे मधले पान उघडता येत नाही, आणि संच घेऊन पोळल्यावर ती जोखीम आम्ही पुन्हा घेणार नाही.

चौकातल्या दुकानांना दोन विनंत्या आहेत. चरित्र, माहितीपर पुस्तक आणि कादंबरी यांच्या फळ्या वेगळ्या कराव्यात, आणि मूल बरोबर असेल तर पुस्तक कोणते हवे हे त्याला विचारावे. चारपैकी तीन दुकानांत सगळे बोलणे माझ्याशी झाले; मुले बाजूला उभी होती. जाणाऱ्यांनी जून महिना टाळावा, सकाळी लवकर जावे आणि वाहन घरी ठेवावे. मंडई किंवा कसबा पेठ या मेट्रो स्थानकांवरून पायी येता येते, आणि सुतळीने बांधलेला गठ्ठा दोघांनी धरला की परतीचा प्रवासही जड होत नाही.

गेल्या दोन महिन्यांत मोतद्दाराच्या मुलाची गोष्ट अकरा मुलांनी वाचली आणि तिचा दुसरा भाग आहे का, असे चौघांनी विचारले. सोहमची मागणी मात्र अजून पुरी झालेली नाही. आजच्या पुण्यातला मुलगा पेशवाईतल्या पुण्यात जाऊन पोहोचतो, पण शनिवारवाड्यात १७७३ साली काय घडणार हे ठाऊक असूनही त्याला ते कोणाला सांगता येत नाही, अशी कादंबरी त्याला हवी आहे. काकांनी बराच विचार केला, दोन फळ्या शोधल्या आणि अखेर त्यांच्या लांबट वहीत ती मागणी माझ्या फोन क्रमांकासह लिहून घेतली. दिवाळीआधी पुन्हा जायचे आहे.